बायबलची संथा



बायबलवर बोलायला हिला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो रास्त आहे. मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही. हिब्रू आणि ग्रीक मला येत नाही. कोश उघडून एखादा शब्द शोधावा, एवढीच माझी मजल. मी मराठी शिकवते आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या भाषेवर आहे. संयोजकांना बहुधा त्या प्रबंधाविषयी ऐकायचे होते. मी मात्र त्या प्रबंधात जे राहून गेले त्याविषयी बोलणार आहे.

'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. तत्सम शब्द किती, तद्भव किती, कोकणी रूपे कुठे डोकावतात, पोर्तुगीज शब्द कुठे अपरिहार्य झाले, अशा नोंदींच्या कार्डांनी माझे बुटांचे तीन खोके भरले होते. त्या वर्षांत ते पुस्तक मी दहा वेळा तरी उलटेपालटे केले असेल. वाचले मात्र एकदाही नाही. शब्द मोजताना ओवी कशाविषयी आहे याकडे लक्ष द्यावे लागत नाही, उलट लक्ष गेले तर मोजणी चुकते. पदवी मिळाली, खोके माळ्यावर गेले. पुस्तक वाचायचे राहिले आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली, आणि ते कळले ते एका शेजारणीमुळे.

आमच्या घराच्या पलीकडे एक म्हातारी ख्रिस्ती बाई राहायच्या. संध्याकाळी दिवेलागणीला बलकांवात बसून रोमी लिपीतले कोकणी बायबल वाचायच्या. त्यांचे वाचन मला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येई. वाचन म्हणजे पुटपुटणे. चार-पाच ओळी पुटपुटायच्या, पुस्तक मिटायचे, त्यात बोट तसेच अडकवून ठेवायचे आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचे. मग पुन्हा त्याच ओळी. एकदा मी कुंपणावरून विचारले, आज कुठवर आले? म्हणाल्या, "कालचेरच आसा." काल होते तिथेच. मी हसले असेन. तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटांत देंवपाक वेळ लागता बाय."

हे वाक्य मी बाईंचे म्हणून सांगते आहे, पण कल्पना फार जुनी आहे हे मला नंतर कळले. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुसियन मठाचा प्रमुख असलेल्या दुसऱ्या गीगो याने साधकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात शिडीच्या चार पायऱ्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन. तिथेही उपमा जेवणाचीच आहे. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने चव उतरते. ख्रिस्ती मठांत या वाचनाला जो शब्द वापरत त्याचा अर्थ सरळ रवंथ असा आहे. आमच्या शेजारणीने गीगोचे नाव ऐकलेले नव्हते.

आपल्याकडचे श्रवण, मनन, निदिध्यासन इथे कोणालाही आठवेल, आणि आठवावे. पण दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. आपल्या व्यासपीठांवरून 'सगळे एकच' हे फार लवकर म्हटले जाते. गीगोच्या शिडीत मनन आणि दर्शन यांच्यामध्ये प्रार्थनेची पायरी आहे, म्हणजे चावून चावून थकलेला माणूस तिथे थांबतो आणि मागतो. आपले चावणे पुरे पडणार नाही ही कबुली त्या पायरीत आहे. निदिध्यासनात हा थांबा याच जागी येत नाही. फरक असेल तर तो राहू द्यावा.

मला जवळचा वाटतो तो आणखी साधा शब्द: संथा. वेदपाठशाळेत गुरुजी एक चरण म्हणतात, मुले तो पुन्हा म्हणतात, पुन्हा म्हणतात. अर्थ नंतर येतो, आधी तो चरण जिभेवर बसतो. आमच्या गावातले भटजी 'आज संथा झाली का' असे विचारत, 'आज किती पाने झाली' असे नव्हे. पहिल्या स्तोत्रात सज्जन माणूस रात्रंदिवस देवाच्या नियमशास्त्राचे मनन करतो असे आहे. तिथले मूळ हिब्रू क्रियापद मी कोशात शोधले तेव्हा चकित झाले. तेच क्रियापद यशयाच्या ग्रंथात एका जागी शिकारीवर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्यासाठी आले आहे आणि दुसऱ्या जागी पारव्याच्या घुमण्यासाठी. म्हणजे ते मनन डोक्यातले नाही, घशातले आहे. 'मनन' हा आपला शब्द सुरेख खरा, पण तो फारच निःशब्द आहे. बलकांवातले ते पुटपुटणे मूळ शब्दाच्या अधिक जवळचे होते.

आता एक गोष्ट आधीच बोलून टाकते, कारण ती बोलल्याशिवाय गोव्यातल्या मराठी श्रोत्यांसमोर हा विषय पुढे नेणे मला बरोबर वाटत नाही. आमचे कुलदैवत कवळेची शांतादुर्गा. ती मूळची केळशीची. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले, हे आमच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी सांगितले जाई. 1560 साली इथे धर्मसमीक्षणाचे न्यायालय आले. 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर तिथल्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले गेले. स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे आयुष्य याच सासष्टीत गेले. त्यांच्या पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे: नवा ख्रिस्ती झालेला श्रोता पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काही का देत नाही? भाषाभ्यासक म्हणून मी या प्रसंगाची नोंद 'ग्रंथनिर्मितीचे प्रयोजन' या शीर्षकाखाली केली होती. पुढे सावकाश वाचताना त्याच ओव्यांत मला एक भुकेला माणूस दिसला. त्याच्या घरातली पोथी गेलेली आहे. संध्याकाळी काय वाचायचे, हा त्याचा प्रश्न आहे. तो माझ्याही कोणा पूर्वजाचा चुलतभाऊ असू शकेल. आमच्यातले काही नदी ओलांडून आले, काही मागे राहिले.

म्हणून हे पुस्तक आमच्या घरात सहज येण्यासारखे नव्हते. वडिलांनी प्रबंधाला विरोध केला नाही, पण ते कधी त्याविषयी बोललेही नाहीत. खोके माळ्यावर चढवताना त्यांनी खालून शिडी धरली होती, एवढेच.

सावकाश वाचनाचे खरे मराठी उदाहरण मात्र गोव्याबाहेरचे आहे. पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आपल्या कुटुंबासह तीर्थक्षेत्री फिरून पुराण सांगत. तीच त्यांची उपजीविका होती. रमाबाई लहानपणापासून ते ऐकत, पाठ करत, पुढे स्वतः सांगत वाढल्या. 1874 च्या सुमारास त्यांचे आईवडील दुष्काळात, उपासमारीने गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इथे उठलेले वादळ आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतरच्या चाळीस वर्षांकडे मराठी साहित्याचे लक्ष तितकेसे गेले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो अनाथ मुली आणि विधवा यांचा संसार चालवताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे संपूर्ण बायबल मराठीत उतरवण्यात घालवली. उपलब्ध भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा त्यांना मान्य नव्हती. त्या स्वतः संस्कृत पंडिता, पण त्यांना भाषांतर हवे होते ते अल्पशिक्षित बाईला कळेल असे. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्या काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्यांचे निधन झाले तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच आपल्या छापखान्यात ते छापले.

भाषांतर हे वाचनातले सर्वांत संथ वाचन. घाईने वाचणाऱ्याला न कळलेला शब्द ओलांडता येतो. भाषांतर करणाऱ्याला येत नाही. पुराणिकाच्या मुलीने शेवटी तेच केले जे ती लहानपणी करत होती: ग्रंथ मोठ्याने समोर ठेवायचा, समोर बसलेल्या बाईला कळेपर्यंत थांबायचे. तिने धर्म बदलला, वाचण्याची रीत घरचीच ठेवली. रमाबाईंच्या भाषांतराकडे भाषेचा रूक्ष, आडमुठा नमुना म्हणून पाहणारे समीक्षक आहेत. त्यांना मी एवढेच सुचवेन की ते एकदा उघड्यावर, चार माणसांत, मोठ्याने वाचून बघावे.

मी स्वतः सुरुवात केली ती निवृत्तीचे वेध लागण्याच्या आतच, पण पन्नाशीनंतर. शेजारणीचे निधन झाले होते. संध्याकाळी खिडकीतून पुटपुटणे येईनासे झाले आणि घरात काहीतरी बंद पडल्यासारखे वाटू लागले. मी मराठी बायबल आणले. नियम एकच ठरवला: रोज चार ओळी, मोठ्याने, तीन वेळा.

पहिले कित्येक दिवस काही झाले नाही, हे मी मुद्दाम सांगते. विद्यार्थी विचारतात, मॅडम, अनुभव कधी येतो? अनुभव येत नाही. कंटाळा येतो. प्राध्यापकाला तर जास्तच, कारण दुसऱ्या वाचनालाच त्याच्या डोक्यात टिपणे तयार होतात. ती टिपणे संपेपर्यंत थांबावे लागते. मला दोन महिने लागले. सध्या मोबाइलवर सकाळी फुलांच्या चित्रासह वचन येते, गीतेचे येते तसे बायबलचेही येते. ते वाचून आपण अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. त्यात वाईट काही नाही. पण ते वचन प्रसंगातून उचललेले असते, आणि कंटाळा यायच्या आत संपते.

कंटाळ्याच्या पलीकडे मला जे पहिल्यांदा सापडले तो एक शब्द होता. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एलिया संदेष्टा जिवाच्या भीतीने पळून होरेब पर्वतावरच्या गुहेत येतो. तिथे सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव यांपैकी कशातच नसतो. त्यानंतर जे येते त्यासाठी मुळात तीन शब्द आहेत. पहिला आवाज, दुसरा निःशब्दता. तिसऱ्यासाठी भाषांतरकारांनी मंद, शांत, कोमल असे बरेच काही योजले आहे. कोशात पाहिले तर तोच शब्द फारोच्या स्वप्नातल्या रोड गायींना लावलेला आहे, आणि रानात जमिनीवर पडलेल्या मान्न्याच्या कणांनाही. रोड गाय, दळल्यासारखा कण आणि जवळजवळ नसलेला आवाज. मी कोश मिटला आणि माझ्याच भाषेतला शब्द मला ऐकू आला: बारीक. आपण अंगाने बारीक म्हणतो, बारीक पीठ म्हणतो, बारीक आवाज म्हणतो. तिन्ही अर्थ एका शब्दात सहज मावतात. इतक्या साध्या शब्दाला देवाच्या सान्निध्यात उभे करायला आपण कचरतो, म्हणून 'मंद' आणि 'कोमल' शोधत बसतो. त्या संध्याकाळी मला आध्यात्मिक असे काही मिळाले असेल तर ते हेच, की घरातल्या पिठाच्या डब्यावरचा शब्द त्या गुहेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर काही दिवस मी घरात कमी बोलले.

दुसरी गोष्ट सांगते ती आपल्या सर्वांना माहीत असलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा. धाकटा वाटणी मागून घेतो, परदेशी जातो, उधळतो, डुकरे राखायची पाळी येते, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो. शाळेत आपण इथवर ऐकतो. मी रोज चार ओळी घेत होते, त्यामुळे हा एक दाखला मला आठ-दहा दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी दिसले की धाकट्याने वाटेत जे बोलणे तयार केले होते त्याचे तीन भाग होते: मी पाप केले, तुझा मुलगा म्हणवायला मी लायक नाही, मला नोकरासारखा ठेव. बापासमोर तो पहिले दोन बोलतो. तिसरा भाग कथेत येतच नाही. बाप मध्येच नोकरांना अंगरखा आणायला सांगतो. त्या मुलाने वाटभर घोकलेली ओळ तोंडातच राहते. नोकर म्हणून परत यायची त्याची तयारी होती. ती मुभा त्याला मिळत नाही.

मग थोरला. तो शेतातून येतो, गाण्यावाजवण्याचा आवाज ऐकतो, रागावतो, आत जात नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. थोरला आपली सेवा मोजून दाखवतो, आणि धाकट्याचा उल्लेख करताना 'माझा भाऊ' म्हणत नाही. बापाला सुनावतो, हा तुझा मुलगा. बाप उत्तर देतो ते फारसा युक्तिवाद न करता. फक्त तो शब्द दुरुस्त करून परत देतो: हा तुझा भाऊ.

इथे मला माझ्याविषयी बोलावे लागेल. मी घरातली मोठी. माझा धाकटा भाऊ चोविसाव्या वर्षी आखातात गेला. वडिलांच्या आजारपणात आला नाही, पैसे आधी येत होते ते मग थांबले. वडिलांची दवाखान्यातली वर्षे, नंतर आईची, माझ्या नोकरीतून निभावली. काही वर्षांपूर्वी तो परतला तो दोन बॅगा आणि कर्ज घेऊन. आईने त्या दिवशी सुंगटांचे हुमण केले. मला गॅसवरून भांडे उतरवायचीही ताकद नसलेली आई तासभर नारळ किसत होती. मी जेवायला थांबले नाही. त्यानंतर आईला रोज फोन करायची, आणि रोज विचारायची, "तुझा मुलगा उठला का? तुझा मुलगा काही कामधंदा बघतो आहे का?"

ती ओळ मी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि मला माझा फोनवरचा आवाज ऐकू आला. तोच स्वर. मनातल्या मनात वाचले असते तर ऐकू आला नसता, याची मला खात्री आहे. डोळे स्वर टाळू शकतात. जिभेला तो काढावाच लागतो. मी पुस्तक मिटले. बोट आत अडकवलेले होते.

पुढे काय झाले ते फारसे सांगण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी मी फोनवर त्याचे घरातले नाव घेऊन तो जेवला का विचारले. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, जेवला. घराच्या वाटणीचे कागद अजून तसेच पडून आहेत आणि त्यावरून आमचे अजूनही खटके उडतात. मला राग येत नाही असे नाही. एवढेच की 'तुझा मुलगा' हे शब्द आता तोंडात येता येता अडखळतात.

लक्षात घ्या, थोरला आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. बापाच्या बोलण्यावर दाखला संपतो. योनाचे पुस्तकही असेच आहे. निनवे हे शत्रूचे शहर, त्याला देवाने क्षमा केली म्हणून योना संतापतो आणि शहराबाहेर जाऊन बसतो. देव त्याला शेवटी विचारतो, त्या शहरात एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आहेत, शिवाय गुरेढोरे आहेत, मला त्यांची कणव येऊ नये का? पुस्तक त्या प्रश्नावर संपते. दोन्हीकडे एक रागावलेला माणूस बाहेर आहे, त्याचा राग अगदीच निराधार नाही, आणि त्याला कोणी आत ओढत नाही. फक्त विचारले जाते. योनाच्या त्या चार ओळींशी मी केळशी आणि कवळे, कुंकळ्ळी आणि असोळणे सगळे घेऊन बसले आहे. उत्तर माझ्याकडे अजून तयार नाही, आणि दुसऱ्या कोणाचे तयार उत्तर मला नको आहे. झाले ते झाले, विसरा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण एक बदल झाला. माळ्यावरचे खोके मी खाली काढले, आणि 'ख्रिस्तपुराण' पहिल्या अवस्वरूपासून वाचायला घेतले आहे. रोज चार ओव्या. हिशेब केला तर ते पुरे व्हायला साडेसात वर्षे लागतील. तोवर मी निवृत्त झालेली असेन.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. हा प्रयोग बायबलवरच करायला हवा असे मुळीच नाही. ज्ञानेश्वरी घ्या, तुकोबा घ्या, परीक्षेला लावलेले पुस्तकसुद्धा चालेल. मात्र ज्या ग्रंथाशी आपले घरचे भांडण आहे तो घेतला तर कंटाळ्याआधी राग येतो, आणि राग हा जागे ठेवायला बरा असतो. अर्थ विचारणारे गाइड जवळ ठेवू नका. कोश ठेवा. आणि मोठ्याने वाचा. वसतिगृहात खोलीतला सोबती हसेल, हसू द्या.

लूकच्या त्या दाखल्याच्या प्रती मागच्या बाकावर ठेवल्या आहेत, रमाबाईंच्या भाषांतरातल्या. त्या एकेक घेऊन पुढे द्या. थोरला शेतातून परत येतो तिथपासून आपण वाचू. मी एक ओळ म्हणेन, मग आपण सर्वांनी म्हणायची, तीनदा. चहा साडेपाचला आहे, अजून बराच वेळ आहे.